पावणेदोन रुपयांचा पहारा

बारामती किंवा इंदापूर तालुक्यात औषधांचे किरकोळ दुकान, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेले ‘मेडिकल’, उघडायचे तर सहसा दोन परवाने काढावे लागतात. औषध नियमांतला नमुना २० हा नेहमीच्या गोळ्या-औषधांसाठी, तर नमुना २१ हा लसी, इन्सुलिन अशा जैविक व विशेष औषधांसाठी असतो. प्रत्येकाचे शुल्क दीड हजार रुपये, म्हणजे दोन्ही मिळून तीन हजार. ही रक्कम एकदा भरली की पाच वर्षे पुन्हा भरावी लागत नाही. हिशेब केला तर वर्षाला सहाशे आणि महिन्याला पन्नास रुपये पडतात. दिवसाला पावणेदोन रुपयेही होत नाहीत. औषधांच्या दुकानांवर देखरेख ठेवण्यासाठी शासन दुकानदाराकडून घेते ते थेट शुल्क एवढेच, आणि गेली दोन दशके ते जवळपास याच पातळीवर आहे.

ही रक्कम राज्य ठरवत नाही. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० सालचा आणि त्याखालचे नियम १९४५ चे, दोन्ही केंद्राचे. परवान्याचे नमुने कसे असावेत, शुल्क किती असावे, अटी कोणत्या असाव्यात हे केंद्राच्या नियमांत लिहिलेले असते. परवाना देणे, दुकान तपासणे, चूक सापडली तर कारवाई करणे ही कामे मात्र राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाची. बारामती आणि इंदापूरच्या दुकानांचे कामकाज पुण्याच्या कार्यालयातून चालते. बारामती पुण्याहून सुमारे शंभर किलोमीटरवर आहे आणि इंदापूर त्याहून लांब. सोलापूर रस्त्याने भिगवण ओलांडून पुढे गेल्यावर ते येते. दर दिल्लीत ठरतो, पण पहाऱ्याचा खर्च मुंबई-पुण्याला करावा लागतो. पुढच्या बहुतेक अडचणी इथूनच निघतात.

पूर्वी परवान्याचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागे. २०१७ च्या दुरुस्तीने ते बंद झाले. आता परवाना रद्द किंवा निलंबित होईपर्यंत कायम असतो. दर पाच वर्षांनी परवाना कायम ठेवण्याचे शुल्क तेवढे भरायचे. उशीर झाला तर सहा महिन्यांपर्यंत दरमहा दोन टक्के जादा आकार लागतो, आणि त्यानंतरही भरले नाही तर परवाना आपोआप रद्द समजला जातो. दुकानदाराची कटकट कमी झाली हे खरे. पण नूतनीकरणाच्या निमित्ताने कागदपत्रे पुन्हा एकदा नजरेखालून जात, तोही एक टप्पा त्याबरोबर गेला.

या पावणेदोन रुपयांत दुकानदारावर येणारी बंधने मात्र चांगलीच जड आहेत. जागा किमान दहा चौरस मीटर हवी, शीतकपाट हवे आणि औषध देताना नोंदणीकृत फार्मासिस्ट हजर हवा. अनुसूची ‘एच’मधली औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. चिठ्ठीवर डॉक्टरांची सही, तारीख, रुग्णाचे नाव-पत्ता आणि औषधाचे प्रमाण असले पाहिजे. चिठ्ठीवर तसे लिहिलेले नसेल तर त्याच चिठ्ठीवर दुसऱ्यांदा औषध देता येत नाही. अनुसूची ‘एक्स’मधल्या औषधांची चिठ्ठी दोन प्रतींत लागते. एक प्रत दुकानदाराने दोन वर्षे जपायची आणि ती औषधे कुलपात ठेवायची.

या दोन्हींच्या मध्ये १ मार्च २०१४ पासून अनुसूची ‘एच-१’ आली. सुरुवातीला तिच्यात ४६ औषधे होती. वरच्या पिढीतली प्रतिजैविके, क्षयरोगाची औषधे, अल्प्राझोलाम आणि डायझेपामसारख्या झोपेच्या किंवा शांत करणाऱ्या गोळ्या, कोडीन, ट्रामाडोल अशी ती यादी आहे. यांतले कोणतेही औषध विकले की वेगळ्या नोंदवहीत डॉक्टरांचे नाव-पत्ता, रुग्णाचे नाव, औषध आणि त्याचे प्रमाण लिहायचे आणि ती वही तीन वर्षे ठेवायची. भारतात चिठ्ठ्यांवर नजर ठेवण्याची व्यवस्था म्हणतात ती मुख्यतः ही वही. संगणक, मध्यवर्ती साठा किंवा धोक्याची सूचना देणारी यंत्रणा तिच्यामागे नाही. ती भरते दुकानदाराच्या हाताने, आणि वाचली जाते निरीक्षक दारात आला तरच.

निरीक्षक किती वेळा येतो? नियमाप्रमाणे औषध निरीक्षकाने आपल्या हद्दीतल्या प्रत्येक विक्री परवानाधारकाची वर्षातून किमान एकदा तपासणी केली पाहिजे. जयसुखलाल हाथी समितीने १९७५ मध्ये शंभर विक्रेत्यांमागे एक निरीक्षक असावा अशी शिफारस केली होती. २००३ मध्ये डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या समितीने दोनशे दुकानांमागे एक हे प्रमाण सुचवले. तीन दशकांत अपेक्षाच निम्मी झाली. माशेलकर समितीचे प्रमाण धरून हिशेब मांडला तर दोनशे दुकानांचे वर्षाचे शुल्क एक लाख वीस हजार रुपये होते. एका निरीक्षकाच्या वर्षभराच्या पगाराच्या आसपासही ही रक्कम जात नाही. त्याचा प्रवास, नमुन्यांची चाचणी, कोर्टाच्या तारखा आणि कार्यालयातला कारकून हे सगळे त्यावरचे. शुल्कातून पहारा चालतो असे कोणी म्हणत असेल तर त्याने हे गणित एकदा करून पाहावे.

हे एक लाख वीस हजारही निरीक्षकाच्या कार्यालयाला मिळत नाहीत. सरकारी चलनाने, आता बहुतेक ऑनलाइन, भरलेले शुल्क राज्याच्या एकत्रित निधीत जमा होते. राज्यघटनेच्या अनुच्छेद २६६ प्रमाणे राज्याचा महसूल तिथेच जातो, आणि विधिमंडळाने मंजूर केल्याशिवाय त्यातला रुपयाही बाहेर काढता येत नाही. अन्न व औषध प्रशासनाला मिळते ते अर्थसंकल्पातली तरतूद असेल तेवढेच. दुकाने दुप्पट झाली तर शुल्क दुप्पट येते, निरीक्षक मात्र तेवढेच राहतात. त्यांची पदे निर्माण होण्यासाठी वेगळा प्रस्ताव लागतो, वित्त विभागाची मान्यता लागते आणि मग लोकसेवा आयोगाची भरती. रिकाम्या पदांची तक्रार राज्यात जुनी आहे, आणि तिचे मूळ या रचनेत आहे.

शुल्क आणि कर यांतला फरक सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये शिरूर मठाच्या खटल्यात सांगितला होता. कर सर्वसाधारण खर्चासाठी असतो, तर शुल्क विशिष्ट सेवेच्या बदल्यात असते आणि ते त्या सेवेसाठी बाजूला ठेवले जावे, असा त्याचा सारांश. पुढच्या निकालांनी ही कसोटी बरीच सैल केली. परवान्याचे शुल्क हे नियंत्रणासाठीचे शुल्क, त्याच्या बदल्यात रुपयाला रुपयाची सेवा दाखवायची गरज नाही, असे न्यायालये म्हणू लागली. म्हणून आजची पद्धत बेकायदा ठरत नाही. पण दुकानदाराने कशासाठी पैसे भरले आणि त्याचे पुढे काय झाले हे त्याला दिसत नाही, एवढे मात्र खरे.

औषधाच्या या धंद्यात दुसरी एक संस्था आहे, तिचा कारभार याच्या अगदी उलट चालतो. फार्मसी कायदा १९४८ सालचा. त्याखाली महाराष्ट्र राज्य फार्मसी परिषद फार्मासिस्टांची नोंदणी करते आणि नोंदणी व नूतनीकरणाच्या शुल्कावर चालते. परिषदेने आपल्या एकूण शुल्काचा चौथा हिस्सा दरवर्षी भारतीय फार्मसी परिषदेकडे पाठवायचा असेही कायद्यातच लिहिलेले आहे. राज्य शासनाच्या मंजुरीने स्वतःचे निरीक्षक नेमण्याची मुभाही तिला आहे. म्हणजे एकाच दुकानात दोन परवानगीपत्रे टांगलेली असतात. दुकानाच्या परवान्याचा पैसा सरकारी तिजोरीत गेलेला असतो, आणि आतल्या माणसाच्या नोंदणीचा पैसा त्याच्यावर लक्ष ठेवणाऱ्या परिषदेकडे. बारामतीजवळ माळेगाव बुद्रुकला शिवनगर विद्या प्रसारक मंडळाचे फार्मसी महाविद्यालय आहे. तिथून बाहेर पडणारा विद्यार्थी आधी परिषदेला शुल्क देतो. स्वतःचे दुकान काढले तर नंतर शासनाला देतो.

तरी या दोन यंत्रणांच्या मधल्या फटीतच जुना रोग वाढला. फार्मासिस्टचे प्रमाणपत्र भिंतीवर, फार्मासिस्ट दुसरीकडेच, आणि गल्ल्यावर दुकानाचा मालक किंवा त्याचा पुतण्या. याला बोलीत ‘सर्टिफिकेट भाड्याने देणे’ म्हणतात. २०११ ते २०१४ या काळात महेश झगडे अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त असताना या प्रकारावर आणि चिठ्ठीशिवाय विक्रीवर राज्यभर मोहीम झाली. बिल द्या, चिठ्ठी पाहा, फार्मासिस्ट बसवा, एवढीच मागणी होती, आणि ती सगळी १९४५ पासून नियमांत होती. तरीही दुकानदारांच्या संघटना बंदपर्यंत गेल्या. परवाना निलंबित झाला तर दुकानदार राज्य शासनाकडे अपील करू शकतो आणि ते मंत्र्यांपुढे चालते. त्यामुळे निरीक्षकाच्या अहवालाचे शेवटी काय होईल याचा भरवसा खालच्या अधिकाऱ्याला नसतो. हा दोष पैशाने सुटण्यासारखा नाही.

त्याच मोहिमेचा दुसराही परिणाम झाला. स्त्रीभ्रूणहत्येच्या प्रकरणांनंतर गर्भपाताच्या गोळ्यांच्या विक्रीवर कडक नजर बसली. तपासणीचा जाच नको म्हणून राज्यातल्या अनेक दुकानदारांनी त्या गोळ्या ठेवणेच सोडून दिले. कायद्याने मिळू शकणारे औषध कायदेशीर चिठ्ठी असूनही मिळेना. पहारा कडक करण्याची किंमत दर वेळी दुकानदारच मोजतो असे नाही. पुष्कळदा ती रुग्णाच्या अंगावर येते.

चिठ्ठ्यांवर नजर ठेवण्याचा खर्च शुल्कातून काढण्याचा सरळ प्रस्ताव भारतात एकदा आला होता. १६ मार्च २०१७ रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने एक जाहीर सूचना काढली. देशातल्या सगळ्या औषध उत्पादकांनी, घाऊक व्यापाऱ्यांनी आणि किरकोळ दुकानदारांनी खरेदी-विक्रीची नोंद एका राष्ट्रीय पोर्टलवर करायची, चिठ्ठीवरचे औषध देताना डॉक्टर, रुग्ण आणि प्रमाण त्यात भरायचे, अशी कल्पना होती. पोर्टल स्वायत्त संस्थेने चालवायचे होते. त्याच्या देखभालीसाठी व्यवहारावर एक टक्क्यापर्यंत, पण चिठ्ठीमागे जास्तीत जास्त दोनशे रुपये आकार सुचवला होता. हा आकार परवान्याच्या शुल्कात मोडत नाही. तो विक्रीबरोबर वाढत जातो, मोठे दुकान जास्त देते, आणि पैसा थेट देखरेखीच्या कामाला लागतो. शुल्कावर चालणाऱ्या पहाऱ्याची एवढी स्पष्ट आखणी त्याआधी झाली नव्हती.

३० मे २०१७ रोजी औषध विक्रेत्यांच्या अखिल भारतीय संघटनेने देशभर बंद पुकारला. ऑनलाइन औषधविक्रीला विरोध हे त्यातले मोठे कारण होते, पोर्टल हे दुसरे. खेड्यात इंटरनेट टिकत नाही, वीज जाते, एका माणसाच्या दुकानात प्रत्येक चिठ्ठी संगणकावर चढवायला वेळ कुठून आणायचा, हे आक्षेप होते. याच दोन तालुक्यांतल्या निमगाव केतकी, बावडा किंवा सुपे इथल्या एखाद्या दुकानापुढे संध्याकाळी सात वाजता उभे राहिले की त्यांतला बराचसा भाग बहाणा नव्हता हे कळते. प्रस्ताव पुढे सरकला नाही. २०१८ च्या ऑगस्टमध्ये ई-फार्मसीच्या नियमांचा मसुदा आला. त्यात नोंदणीचे शुल्क तीन वर्षांसाठी पन्नास हजार रुपये होते. गल्लीतल्या दुकानाच्या तीन हजारांशी ते ताडून पाहिले की शासन परवान्याची किंमत वाढवू शकते, पण जुन्या परवानाधारकांसाठी ती वाढवायला धजत नाही, असे दिसते. तो मसुदाही मसुदाच राहिला.

बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात चिठ्ठीचा नियम पाळणे कुठे अडते ते पाहण्यासारखे आहे. २०११ च्या जनगणनेत दोन्ही तालुक्यांची लोकसंख्या मिळून आठ लाखांवर होती. बारामतीत भिगवण रस्त्याला दवाखान्यांची आणि त्यांच्या खालच्या मेडिकलची रांग आहे, आणि २०१९ पासून तिथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. तिथे चिठ्ठी मिळते आणि डॉक्टर वरच्या मजल्यावर बसलेला असतो. सोमेश्वर, माळेगाव आणि भवानीनगरच्या साखर कारखान्यांच्या भागात मात्र हंगाम सुरू झाला की ऊसतोडीच्या टोळ्या येतात. कोपीत राहणाऱ्या मजुराला अंगदुखी, ताप, खोकला झाला तर तो दिवसाची मजुरी बुडवून तालुक्याला जात नाही. जवळच्या मेडिकलमध्ये जाऊन ‘कालची ती लाल गोळी द्या’ म्हणतो. त्याच्याकडे चिठ्ठी असली तरी तिच्यावरचा पत्ता मार्चनंतर खोटा ठरलेला असतो. लहान वस्त्यांची तर वेगळीच तऱ्हा आहे. एक हजारपर्यंत लोकसंख्येच्या गावात पॅरासिटामॉल, बाम, खोकल्याचे औषध अशी काही घरगुती औषधे किराणा दुकानातही परवान्याशिवाय विकता येतील, अशी सवलत नियमांच्या अनुसूची ‘के’मध्ये दिलेली आहे. तिथे परवाना नाही, म्हणून शुल्क नाही आणि तपासणीही नाही.

या भागाचे आणखी एक वैशिष्ट्य म्हणजे दूध आणि कोंबड्या. जनावरांची औषधेही याच कायद्याखाली, याच परवान्यावर विकली जातात. पोल्ट्रीत वाढीसाठी कोलिस्टिन देण्याची पद्धत देशभर रूढ होती. माणसाच्या जिवावर बेतलेल्या जंतुसंसर्गात डॉक्टरांच्या हाती उरणारे हे शेवटच्या औषधांपैकी एक. म्हणून केंद्राने जुलै २०१९ मध्ये अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांत त्याच्या वापरावर बंदी घातली. बंदीचा कागद निघाला, पण शेडवर जाऊन पाहणारा निरीक्षक तोच आहे, ज्याच्याकडे दोनशे मेडिकलही आहेत.

शुल्कावर चालणाऱ्या व्यवस्थेची मोठी मर्यादा एप्रिल २०२१ मध्ये बारामतीतच दिसली. कोरोनाची दुसरी लाट भरात होती आणि रेमडेसिव्हिरची टंचाई होती. रेमडेसिव्हिरच्या रिकाम्या कुप्यांत पॅरासिटामॉलचे द्रावण भरून त्या खऱ्या म्हणून विकल्याच्या प्रकरणात पोलिसांनी चौघांना अटक केली. चिठ्ठ्या खऱ्या होत्या आणि रुग्णही खरे होते. खोटे होते ते फक्त औषध, आणि ते परवानाधारक दुकानातून गेलेच नव्हते. परवाना घेणाऱ्यावर नजर ठेवायची सोय शुल्क करू शकते. ज्याने परवानाच घेतला नाही तो शुल्कही भरत नाही आणि वहीही ठेवत नाही. त्याला शोधायचा खर्च प्रामाणिक दुकानदाराच्या माथी मारणे न्यायाचे नाही. तो करदात्यांच्या पैशातूनच झाला पाहिजे.

बाहेरच्या जगात दोन उदाहरणे जवळची आहेत. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात ‘क्युअर्स’ नावाची संगणकीय नोंद आहे. वेदनाशामक आणि नशा आणणाऱ्या औषधांची प्रत्येक चिठ्ठी तिच्यात जाते. २०११ मध्ये राज्याने खर्चकपात केली तेव्हा ती चालवायला माणसे उरली नाहीत. मग २०१३ मध्ये कायदा करून डॉक्टर, फार्मासिस्ट अशा परवानाधारकांवर वर्षाला सहा डॉलर बसवले गेले आणि १ एप्रिल २०१४ पासून वसुली सुरू झाली. रक्कम किरकोळ होती, पण तिचे खाते वेगळे होते, आणि औषध लिहिणाऱ्या डॉक्टरलाही तिच्यात धरले होते. आपल्याकडे सगळा भार दुकानदारावर आहे. चिठ्ठी लिहिणारा हिशेबाबाहेरच राहतो. दुसरे उदाहरण ब्रिटनचे. तिथली जनरल फार्मास्युटिकल कौन्सिल २०१० पासून फार्मासिस्ट आणि दुकाने या दोघांच्या शुल्कावर चालते.

अशा स्वावलंबी व्यवस्थेला एक धोका असतो, तो मराठी माणसाला वेगळा समजावून सांगायला नको. ज्याचे मीठ खायचे त्याच्याविरुद्ध बोलायचे कसे? १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात विषारी ग्लिसरीनमुळे १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने तेव्हा राज्याच्या औषध प्रशासनावर आणि राजकीय हस्तक्षेपावर कडक ताशेरे ओढले. ते प्रशासन तेव्हाही शुल्कावर चालत नव्हते, सरकारी अनुदानावर चालत होते. म्हणजे सरकारी पैशावर चालले की निरीक्षक निर्भीड राहतो याचीही हमी नाही.

उरतो तो व्यवहाराचा प्रश्न. शुल्क वाढवायचे तर सगळ्यांना सारखे नको. भिगवण रस्त्यावरचे रुग्णालयातले मेडिकल आणि सांगवीचे एका माणसाचे दुकान यांना एकच दर लावणे म्हणजे लहानाला बंद करणे. उलाढालीप्रमाणे दर, जमा रकमेचे वेगळे खाते आणि त्या खात्यातून किती तपासण्या झाल्या याचा जिल्ह्यावार वार्षिक हिशेब, या तीन गोष्टी एकत्र आल्या तरच वाढीला अर्थ आहे. वेगळ्या खात्याशिवाय शुल्क दहापट केले तरी ते एकत्रित निधीत जाईल, आणि निरीक्षक पुण्याहून तितक्याच वेळा येईल.

नोंद वाचणारा कोणी असेल तर वही उपयोगी पडते, हे क्षयरोगाच्या बाबतीत दिसले आहे. मार्च २०१८ च्या केंद्रीय अधिसूचनेनंतर क्षयरोगाची औषधे देणाऱ्या दुकानदारावर त्या रुग्णाची माहिती आरोग्य यंत्रणेला कळवण्याची जबाबदारी आली. ‘एच-१’च्या वहीतली तीच नोंद आता क्षयरुग्णांच्या नोंदीच्या ‘निक्षय’ पोर्टलच्या कामी येते, कारण तिच्यामागे क्षयरोग कार्यक्रमाची माणसे आणि पैसा आहे. वहीतल्या बाकीच्या औषधांच्या, झोपेच्या गोळ्यांच्या आणि प्रतिजैविकांच्या नोंदी मात्र तालुक्यात कुठेही एकत्र केल्या जात नाहीत. तीन वर्षे झाली की ती वही रद्दीत टाकायला दुकानदार मोकळा असतो.